मूठभर चवळी, मीटरभर काठी

बी रुजवण्याचा उपक्रम महाराष्ट्रातल्या बहुतेक प्राथमिक शाळांत कधी ना कधी होतोच. रिकाम्या डब्यात माती, तिच्यात चवळीचे चार दाणे, रोज थोडं पाणी. आठवड्याभरात रोप वर येतं, मुलं हरखतात, बाई फळ्यावर ‘बी रुजण्यासाठी पाणी, हवा आणि ऊब लागते’ असं वाक्य लिहितात आणि वर्ग ते वहीत उतरवून घेतो. उपक्रम पार पडतो. पण पाणी मिळालं की बी उगवतं, हे त्या वर्गाला आधीपासूनच ठाऊक होतं. खेड्यातल्या मुलानं पेरणी पाहिलेली असते, शहरातल्या मुलानं घरच्या मटकीला मोड आलेले पाहिलेले असतात. डबा, माती, पाणी, आठवडा इतका सगळा खर्च करून नवं असं फार काही हाती लागलेलं नसतं.

हाच उपक्रम एका जादा डब्यानं पालटतो. चवळी दोन डब्यांत पेरायची. एक डबा खिडकीत ठेवायचा, दुसऱ्यावर पुठ्ठ्याचं खोकं उलटं घालायचं. पाणी दोघांना सारखंच. आणि पेरण्याआधी वर्गाला विचारायचं, कुठल्या डब्यातलं रोप जास्त उंच होईल? हात मोजून आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचे आणि ते आठवडाभर पुसायचे नाहीत. बहुतेक मुलं खिडकीकडे कौल देतात. झाडाला ऊन लागतं, हे त्यांनी पाठ केलेलं असतं.

आठवड्यानं खोकं उचललं की आतली रोपं खिडकीतल्या रोपांपेक्षा उंच निघतात. वर्गात गलका होतो. कुणी म्हणतं, डबे बदलले. कुणी म्हणतं, कुणीतरी चोरून जास्त पाणी घातलं. शिक्षकाला इथे घाईनं उत्तर द्यायची गरज नसते, फक्त ‘नीट बघा’ एवढंच म्हणायचं असतं. मग मुलांना एकेक गोष्ट दिसू लागते. अंधारातलं रोप पिवळट आहे, देठ बारीक आहे, पानं इवलीशी आहेत, बोट लावलं की रोप कलतं. खिडकीतलं बुटकं असलं तरी हिरवं आणि ताठ आहे. अंधारातल्या रोपाकडे बियांच्या डाळींत साठवलेलं अन्न तेवढं असतं. ते सगळं पणाला लावून ते उजेडाच्या शोधात देठ लांबवत राहतं, आणि उजेड नसल्यामुळे त्यात हिरवं द्रव्य तयार होत नाही. खोकं काढून डबा खिडकीत आणला की दोनेक दिवसांत तीच पिवळी पानं हिरवी होऊ लागतात. हेही मुलांनी आधी अंदाज बांधून मग पाहायचं.

उपक्रम घटस्थापनेच्या सुमारास घेतला, तर आणखी एक धागा जुळतो. नवरात्रात देवघरात शेतातली माती पसरून तिच्यात धान्य पेरतात. दसऱ्यापर्यंत ते वीतभर वाढतं आणि पिवळं होतं. गावाकडे ते उपटून टोपीत खोवायची रीत आहे. मुलांनी ते पिवळेपण दरवर्षी पाहिलेलं असतं, पण ते का, असं विचारलेलं नसतं. देवघरातला अंधार आणि शाळेतलं पुठ्ठ्याचं खोकं यांचा संबंध वर्गातल्या एखाद्या पोराच्या ध्यानात येतो, तेव्हा तो शिक्षकानं सांगितलेला नसतो.

मोजण्याचंही तसंच. तिसरीतल्या सगळ्यांना पट्टी नीट लावता येत नाही. शून्यावर धरायची की कडेला, इथपासून घोळ असतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे रोपाशेजारी कागदाची पट्टी धरायची, रोपाएवढी कापायची आणि वारानुसार भिंतीवर ओळीनं चिकटवायची. सोमवारची पट्टी, मंगळवारची पट्टी, असं करत शनिवारपर्यंत भिंतीवर स्तंभालेख उभा राहतो. स्तंभालेख हा शब्द नंतर आला तरी चालतो. कुठल्या दिवशी रोप सगळ्यात जास्त वाढलं, हे पहिलीतलं मूलसुद्धा बोट ठेवून दाखवतं.

दोन डब्यांच्या या खटाटोपात तीन गोष्टी घडल्या. मुलांनी आधी अंदाज केला, मग करून पाहिलं आणि जे दिसलं ते स्वतःच्या हातानं नोंदवलं. प्राथमिक वर्गातला कुठलाही उपक्रम किंवा प्रकल्प या तिन्ही गोष्टींवर तोलून पाहता येतो. अंदाज नसेल तर आश्चर्य वाटायला जागा राहत नाही. नोंद नसेल तर महिन्याभरानं फक्त ‘मजा आली’ एवढंच उरतं.

करून शिकण्याचा हा विचार शाळेत येऊन सव्वाशे वर्षं उलटली. जॉन ड्यूई या अमेरिकन तत्त्वज्ञानं १८९६ साली शिकागो विद्यापीठात एक प्रायोगिक शाळा सुरू केली. तिथे मुलं स्वयंपाक करत, सुतारकाम करत, विणत. १८९९ साली आलेल्या ‘द स्कूल अँड सोसायटी’ या पुस्तकात ड्यूईनं तिथला एक प्रसंग नोंदवला आहे. मुलांपुढे कच्चा कापूस आणि लोकर ठेवली होती. एका गटानं अर्धा तास बसून बोंडातून आणि सरकीतून कापूस वेगळा केला, तेव्हा एक औंससुद्धा, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅमही भरला नाही. पूर्वीचे लोक सुती कपड्यांऐवजी लोकरीचे कपडे का घालत आणि सरकी काढायचं यंत्र आल्यावर काय उलथापालथ झाली असेल, हे त्या मुलांना बोटं दुखल्यामुळे कळलं. इतिहासाचा तो धडा त्यांच्या हातांनी वाचला होता.

ड्यूईच्या विचारानं भारलेल्या विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली ‘प्रकल्प पद्धती’ या नावाचा निबंध लिहिला आणि प्रकल्प हा शब्द शिक्षणाच्या जगात रुजला. मुलानं मनापासून, एखादा हेतू धरून, इतरांच्या संगतीनं केलेलं काम, अशी प्रकल्पाची त्यांची कल्पना होती. वस्तू तयार झालीच पाहिजे, ती देखणी असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह नव्हता. हेतू मुलाचा असावा, हा होता.

कापसाचा धागा महाराष्ट्रात वेगळ्या वाटेनं आला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी तिथे हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या शिक्षणाची मांडणी केली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं तिचा आराखडा तयार केला. तीच नई तालीम. हातातल्या कामाला बाकीचे विषय जोडून शिकवायचे, याला तिथे समवाय म्हणत. सुतकताईतून गणित कसं निघे, ते पाहण्याजोगं आहे. सूत मोजायची त्या काळची रीत अशी होती की एक तार म्हणजे चार फूट, १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. टकळीवर रोज ४० तार सूत काढणाऱ्या मुलीला गुंडी पुरी करायला किती दिवस लागतील? उत्तर सोळा. पण ते उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर नसे. सतराव्या दिवशीही गुंडी पुरी झाली नाही, तर कुठल्या दिवशी सूत तुटलं, कुठल्या दिवशी ती गैरहजर होती, हे शोधायला नोंदवही उघडावी लागे.

साधनं मात्र सगळीकडे मिळतातच असं नाही. हा प्रश्न ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूच्या परिसरात सोडवला. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं होतं. मॉन्टेसोरींची घोटीव, रंगीत, महागडी लाकडी साधनं त्यांच्या चांगल्या परिचयाची होती. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलांच्या हातात शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पानं, खडे द्यायचे, त्यांचीच वर्गवारी करायची, त्यांनीच मोजायचं. जी मुलं शाळेत येत नव्हती, त्यांच्या पाड्यावर, अंगणात जाऊन अंगणवाडी भरवायची. जी गुरं राखायला रानात जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा काढायची. समुद्रकाठी शंख आणि डोंगरात बिया हे शैक्षणिक साहित्य होऊ शकतं, हे आज सांगायला सोपं वाटतं. त्या काळी ते करून दाखवावं लागलं.

आजच्या शाळांमधला सगळ्यात गजबजलेला उपक्रम म्हणजे मुलांचा बाजार. कुठे त्याला बालबाजार म्हणतात, कुठे आनंद मेळावा. मुलं घरून मेथी, कोथिंबीर, लिंबं, शेंगा, भेळेचं सामान घेऊन येतात. पटांगणात पोती अंथरली जातात, आया-मावश्या गिऱ्हाईक म्हणून येतात, ओरडण्याची चढाओढ लागते. फोटो सुरेख निघतात.

शिकणं मात्र पोत्यावरच्या वहीत असतं. समजा, चौथीतल्या मुलानं मेथीच्या बारा जुड्या आठ रुपयांप्रमाणे आणल्या. त्याचं भांडवल ९६ रुपये झालं. विक्रीचा भाव त्यानं बारा रुपये ठरवला आणि मनात ४८ रुपये फायदा धरला. नऊ जुड्या बारानं गेल्या, त्याचे १०८ रुपये आले. उरलेल्या तीन उन्हानं मलूल झाल्या, त्या पाच-पाच रुपयांना द्याव्या लागल्या. हाती आले १२३. फायदा २७. अंदाज ४८ आणि प्रत्यक्षात २७, या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत त्या दिवसाचा धडा आहे. ओलं फडकं टाकलं असतं तर? सकाळी भाव चढा आणि दुपारी उतरता ठेवला असता तर? शेजारच्या पोत्यावरच्या मुलीनं दहालाच दिल्या आणि सगळ्या खपवल्या, मग फायदा कुणाचा जास्त? दुसऱ्या दिवशीचा गणिताचा तास या प्रश्नांवर आपोआप चालतो. बाजाराच्या आदल्या दिवशी अंदाज लिहून घेतलेला नसेल, तर हा तास होतच नाही.

बाजारातलं गणित आणि वर्गातलं गणित यांच्यात केवढी दरी असते, हे ब्राझीलमधल्या एका प्रसिद्ध अभ्यासानं दाखवलं. रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांकडे तेरेझिन्या नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमान हे संशोधक गिऱ्हाईक बनून गेले. विक्री करताना मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. नंतर तशीच गणितं निव्वळ आकड्यांची उदाहरणं म्हणून कागदावर घातली, तेव्हा बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर घसरली. हा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक नारळ विकणारा मुलगा आहे. पस्तीसला एक नारळ, तर चारचे किती? त्यानं तीन नारळांचे १०५ धरले, त्यात चौथ्याचे आधी तीस मिळवले, मग पाच, आणि १४० सांगितले. कागदावर ३५ गुणिले ४ आलं तेव्हा तो शाळेच्या रीतीनं गेला. चार पंचे वीस, हातचे दोन. दोन नि तीन पाच, पाच चोक वीस. उत्तर लिहिलं २००. चार नारळांचे २०० त्यानं कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगितले नसते.

आपल्याकडचं चित्रही वेगळं नाही. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला. ही मुलं गुंतागुंतीचे व्यवहार मनातल्या मनात सोडवत होती आणि शाळेतल्या साध्या उदाहरणांत अडखळत होती. उलट, नुसत्या शाळेत जाणारी मुलं कागदावर बरी होती आणि व्यवहारात अडखळत होती. पटांगणातला बाजार ही दरी भरून काढू शकतो, पण त्यासाठी मुलानं पोत्यावर तोंडानं केलेला हिशोब वर्गात आणून फळ्यावर मांडावा लागतो. ‘बाराच्या भावानं नऊ जुड्यांचे पैसे तू कसे काढलेस?’ असं विचारलं की कुणी म्हणतं, दहा जुड्यांचे १२० धरले आणि एक वजा केली. कुणी म्हणतं, तीन-तीनचे ३६ केले आणि तीनदा मिळवले. या दोन्ही रीती गुणाकाराच्या रीतीशेजारी फळ्यावर लिहिल्या की तिन्हींचं नातं मुलांना दिसतं.

कायदाही या बाजूचाच आहे. १ एप्रिल २०१० रोजी अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमात कृती, शोध आणि अन्वेषण यांतून, बालस्नेही आणि बालकेंद्री पद्धतीनं शिकवण्याची अपेक्षा नोंदवलेली आहे. त्यापाठोपाठ महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर, अशा आठ साधन-तंत्रांत उपक्रम आणि प्रकल्प यांना हक्काची जागा मिळाली. बालभारतीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकांतही ‘सांगा पाहू’, ‘करून पहा’, ‘जरा डोके चालवा’ अशा चौकटी पानोपानी आहेत.

मात्र गुण आले आणि प्रकल्पाला मुदत आली. सत्राच्या अखेरीस स्टेशनरीच्या दुकानांत पालकांची रांग लागते. पाळीव प्राण्यांचे छापील तक्ते, वाहतुकीच्या साधनांची चिकटचित्रं, थर्मोकोलची तयार घरं, सगळं मिळतं. घरी आई कापते, बाबा चिकटवतात, ताई सुवाच्य अक्षरात मथळा लिहिते. मूल शेजारी बसून डिंकाची बाटली धरतं. शाळेत तो प्रकल्प भिंतीवर लागतो आणि सगळ्यात नेटका म्हणून वाखाणला जातो. याचा दोष पालकांच्या माथी मारून चालणार नाही. शिक्षकानं ‘पाळीव प्राण्यांची माहिती गोळा करा’ असं सांगितलं, की घरानं ती दुकानातून आणणं स्वाभाविकच आहे. ‘आपल्या गल्लीत किती घरी गाय, म्हैस, शेळी, कुत्रं, मांजर आहे ते विचारून या, पण जाण्याआधी कुठला प्राणी सर्वांत जास्त निघेल ते लिहून ठेवा’, असं सांगितलं तर दुकानदाराकडे विकायला काहीच नसतं. खुणांच्या रेघा मारलेला, घामानं चुरगळलेला कागद आई-बाबांना घरी बसून तयार करता येत नाही. मोल असतं ते अशा कागदाला.

शिक्षकांची खरी अडचण वेगळी आहे, आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी. पट साठपर्यंत असेल तर पहिली ते पाचवीला कायद्यानं दोन शिक्षक मिळतात. वाडी-वस्तीवरच्या शाळेत एका गुरुजींसमोर दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत बसलेल्या असतात. त्यांना पाच वर्गांचे पाच प्रकल्प जमणार नाहीत. पण एकच प्रकल्प पाच पातळ्यांवर चालू शकतो. त्यासाठी पटांगणात मीटरभर उंचीची काठी सरळ उभी केली तरी पुरतं.

काम सोपं आहे. दुपारी बाराच्या आधीपासून दर दहा मिनिटांनी काठीच्या सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा. पहिलीची मुलं खडे मोजतात आणि सावली कुठल्या झाडाकडे सरकली ते सांगतात. दुसरी-तिसरी दोरी लावून सावलीएवढी दोरी कापते. चौथी-पाचवी सेंटिमीटरमध्ये मोजते आणि घड्याळातल्या वेळेसमोर तक्त्यात लिहिते. आधीचा प्रश्न असा: सावली सगळ्यात लहान किती वाजता होईल? बहुतेकांचं उत्तर ‘बारा वाजता’. पुण्यात २२ डिसेंबरला ती साडेबारा वाजून गेल्यावर सगळ्यात लहान होते. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरून ठरते आणि पुणे तिथून बरंच पश्चिमेला आहे, म्हणून सूर्य तिथे उशिरा माथ्यावर येतो. हे कारण पाचवीला सांगता येईल. पहिलीला खडे पुरेत.

गुरुजींच्या हातातल्या फोनमुळे हा प्रकल्प गावाबाहेरही जातो. २२ डिसेंबरला मीटरभर काठीची सगळ्यात लहान सावली पुण्याला सुमारे ९० सेंटिमीटर भरते, सावंतवाडीला ८२च्या आसपास, तर नागपूरला जवळजवळ ९९. नागपूरला ती वेळही पुण्याच्या वीसेक मिनिटं आधी येते. तीन शाळांनी एकमेकींना आकडे कळवले, तर काठी तीच, दिवस तोच, मग सावली वेगळी का, हा प्रश्न तिन्ही वर्गांत एकाच दुपारी उभा राहतो. काठी तिरकी होती का, मोजताना चूक झाली का, हे तपासायला मुलं दुसऱ्या दिवशी आपणहून पुन्हा मोजतात.

मार्चमध्ये, २१ तारखेच्या सुमारास, पुण्याच्या मुलांनी तीच काठी पुन्हा उभी केली की सावली ३३-३४ सेंटिमीटरवर आलेली असते. डिसेंबरच्या आणि मार्चच्या दोऱ्या शेजारी-शेजारी टांगल्या की पुढचा अंदाज मुलं न विचारताच करू लागतात: अशीच घटत गेली, तर एक दिवस सावली उरणारच नाही. तो दिवस सावंतवाडीत मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास आणि नागपुरात २६ मेच्या. शाळेला तेव्हा सुट्टी असते. म्हणून सुट्टी लागण्याआधी गुरुजींनी प्रत्येकाच्या वहीत आपल्या गावची तारीख लिहून द्यायची, आणि जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या दिवशी विचारायचं, कुणी-कुणी पाहिलं, किती वाजता, आणि कशाच्या सावलीवरून.